दाजींचे नकाशे आणि अक्काचं माहेर

सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते आणि फोन स्वयंपाकघरात वाजत होता. निवृत्त झाल्यापासून मी फोनला फारसा मान देत नाही. ज्याला गरज असेल तो पुन्हा करतो. त्याने पुन्हा केला, मग तिसऱ्यांदा केला, तेव्हा उठले. श्रीकांत होता, माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. "मावशी, बाबा गेले," म्हणाला. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते, चहा झाला होता, अक्काला म्हणाले अजून अर्धा कप टाक. ती कप घेऊन आली तर मान एका बाजूला कललेली... मी "येते" म्हटलं, फोन ठेवला, परत गॅलरीत आले आणि उरलेली सगळी जुडी नीट निवडून टाकली. देठ वेगळे, पानं वेगळी. मग पातेल्यात धुतलीसुद्धा. आज दीड महिना झाला, त्या दिवशी मी मेथी का निवडत बसले हे मला अजून उमगलेलं नाही. हातातलं काम अर्धवट टाकून उठलेलं दाजींना खपायचं नाही, एवढंच एक कारण सुचतं.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, मधुकरराव. परभणीच्या कालव्याच्या ऑफिसात ते ट्रेसर होते. हे पद आता कुठे शिल्लक नाही, म्हणून सांगते. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा आखायचा, ट्रेसरने त्यावर मेणचट पांढरं कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईने वर उतरवायची. मग त्या कापडावरून अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रती निघायच्या आणि त्या प्रती बघून रानात खरा कालवा खणला जायचा. म्हणजे दाजींनी काढलेल्या रेघेवरून पाणी वाहायचं. याचा त्यांना अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. त्यांना काम शिकवलं ते हैदराबादच्या अमलातल्या एका म्हाताऱ्या ट्रेसरने, सगळे त्याला खानसाब म्हणायचे. खानसाबांची शिकवण एका ओळीची होती: "मियां, हात को मत देखो, सांस को रोको." रेघ सुरू झाली की श्वास धरायचा, संपली की सोडायचा. दाजींना ती सवय इतकी जडली की बाजारात वांगी तोलताना काट्याकडे बघतानासुद्धा त्यांचा श्वास थांबायचा. अक्का म्हणायची, या माणसाचं अर्धं आयुष्य श्वास न घेताच गेलं.

मूळचे ते पूर्ण्याचे. वडील रेल्वेत गँगमन, हातोडी घेऊन रोज रुळावरून चालणारे. दाजींना लहानपणी मैल कळायच्या आधी फिशप्लेटा, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, कळायच्या. ऑफिसात लागल्यावर खानसाबांनी त्यांच्यापुढे एक जुना सर्वेचा कागद पसरला, एका इंचाला एक मैल अशा मापाचा, निजामाच्या काळातला, मागून कापड चिकटवलेला. त्यावर आडव्या दातऱ्यांची काळी रेघ होती, मीटरगेजची. ती बोटाने धरत धरत दाजी पूर्ण्याला पोचले, तिथे तीन बाजूंनी तीन रेघा एका ठिकाणी येऊन मिळत होत्या. रुळाच्या अलीकडे काळ्या ठिपक्यांची एक ओळ होती, रेल्वेच्या क्वार्टरांची. त्यातला आपला ठिपका कुठला हे त्यांनी भिंगाने शोधलं. "सापडला का?" असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "सापडला असं मी ठरवलं. बाप कामावरून दमून यायचा त्या घराला ठिपका तरी असावा की न्हाई." तिथून त्यांना या जुन्या कागदांचं वेड लागलं आणि ते जन्मभर उतरलं नाही.

त्यांच्या लग्नाची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात आणि दर खेपेला तीत कुणीतरी भर घालतं. मी नऊ वर्षांची होते, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगते. आमचं गाव पाथरीच्या पलीकडे. वऱ्हाड पूर्ण्याहून मीटरगेजच्या गाडीने मानवत रोडला उतरलं, तिथून ट्रक. गावाला यायचा सरळ रस्ता लांबचा होता. नवरदेव ट्रकमध्ये पुढे बसलेले. ड्रायव्हरला म्हणे सांगितलं, डावीकडची गाडीवाट धर, सरळ मुलीच्या बापाच्या रानातून गावात निघते, मधे कालव्यावर पूल हाय. गाडीवाट होती, जुन्या कागदावर ती तुटक रेघांनी दाखवलेली होती. कालवा होता, नुकता खणलेला, कोरडा, दोन पुरुष खोल. पूल मात्र नव्हता. दगडांचे दोन ढीग तेवढे पडलेले. ट्रकचा आवाज रानाकडून आला म्हणून आम्ही ताशा घेऊन धावलो ते अलीकडच्या काठावर उभे, वऱ्हाड पलीकडच्या काठावर उभं, मधे खड्डा आणि मुहूर्त जवळ येत चाललेला. माझे वडील हाताचा कर्णा करून ओरडले, "जावईबापू, पूल कुठं हाय?" पलीकडून आवाज आला, "कागदावर हाय मामा... मीच काढलाय." ते खरंच होतं. दोन महिन्यांपूर्वी त्या गाडीवाटेवर पुलाच्या दोन बारीक रेघा त्यांनीच श्वास धरून ओढल्या होत्या आणि रेघ ओढली म्हणजे पूल झाला असं त्यांचं मन धरून बसलं होतं. शेवटी ट्रक बायाबापड्यांना घेऊन वळसा घालून गेला आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत, धोतर खोचून, कालव्यात उतरले. आमचा दादा तेव्हा चौदा वर्षांचा. तो घसरत तळापर्यंत गेला आणि त्याने नवरदेवाला हाताला धरून वर काढलं. बोहल्यावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत पिवळी माती होती, आणि अंतरपाटाखालून अक्काला नवऱ्याचं पहिलं दर्शन झालं ते त्या पायांचं. ती हसली. आमच्या आत्याने तिला चिमटा काढला तरी ती हसतच राहिली.

त्या फजितीनंतर दाजींनी एक नेम धरला. कागदावर जे आहे ते पायांनी बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही. दर रविवारी सायकलच्या दांडीला नकाशाची सुरळी बांधून ते कालव्याच्या काठाने निघायचे. जुन्या कागदावर काय होतं आणि आता काय आहे हे पेन्सिलीने बारीक नोंदवायचे. आंबराई गेली तिथे फुली, नवी वस्ती झाली तिथे ठिपका, पूल झाला तिथे दोन रेघा, आता अगदी खात्रीच्या. आणि ज्या विहिरीचं पाणी ते प्यायले त्या विहिरीच्या निळ्या गोलाशेजारी एक बारीकशी टिक. आम्ही चेष्टा करायचो की सरकारने पगार दिला कालव्याचा आणि दाजी हिशेब ठेवतात विहिरींचा. ते म्हणायचे, "पाणी पाजलं त्या माणसाची याद कुठं ठेवू मग?" राणीसावरगावाकडच्या एका कागदावर तर इतक्या टिका होत्या की तो उन्हाळा दाजींनी नुसतं पाणी पिऊन काढला असावा असं वाटे.

सातवीनंतर मी शिकायला अक्काकडे परभणीला आले ती दहा वर्षं राहिले. मी भूगोलाची शिक्षिका झाले त्याला दाजी कारणीभूत आहेत. शाळेत समोच्च रेषा, म्हणजे नकाशावरच्या सारख्या उंचीच्या रेघा, डोक्यात शिरेनात म्हणून मी रडत बसले होते. त्यांनी अक्काच्या टोपलीतला सगळ्यात मोठा बटाटा उचलला, मधून कापून ताटलीत पालथा घातला, त्याचे आडवे काप केले आणि एकेक काप कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. कागदावर टेकडी उभी राहिली. "आता वरून बघ," म्हणाले. अक्का पाठीमागून म्हणाली, तुमची टेकडी झाली असेल तर माझी भाजी होऊ द्या. पुढे तीस वर्षं दरसाल मी वर्गात बटाटा कापला, आणि दरवेळी मला त्या घराच्या स्वयंपाकघरातला फोडणीचा वास आला. दाजी मला लहानपणी 'बारकी' म्हणायचे, नोकरी लागली त्या दिवसापासून 'मास्तरीणबाई' आणि अहो-जाहो. मी कितीदा सांगितलं, नाही ऐकलं.

ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि जुने कागद रद्दीत काढायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर व्हरांड्यात पडलेले. कुणीही चार उचलून नेले असते तर कुणाला कळलंसुद्धा नसतं. दाजींनी रीतसर अर्ज लिहिला, साहेबाची सही घेतली, यादी केली आणि मगच सायकलवरून पाच खेपांत ते कागद घरी आणले. पूर्णा, परभणी, मानवत, पाथरी, गंगाखेड, सगळा मुलूख अक्काच्या पलंगाखाली आला. झाडताना तिची पंचाईत व्हायची. ती म्हणायची, "नद्याबिद्या जरा सरकवा, केर काढायचाय."

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

आठ वर्षांपूर्वी ती कालव्यापासून गावापर्यंतची जुनी गाडीवाट बंद झाली. ती आमच्याच रानातून जायची आणि ती बंद केली दादानं. वडिलांच्या माघारी रान त्यानेच सांभाळलं. त्याने मोसंबी लावली, दुष्काळात दोन वर्षं डोक्यावरून घागरी नेऊन एकेक झाड जगवलं आणि झाडं फळाला आल्यावर गुरं शिरू नयेत म्हणून चौफेर तारेचं कुंपण घातलं. गाडीवाट कुंपणाच्या आत गेली. कालव्याच्या पलीकडे एक वस्ती होती, त्या लोकांना नंतर बांधला गेलेला तो पूल ओलांडून गावात यायला दुसरी जवळची वाट नव्हती. पोरं शाळेला कालव्याच्या कडेने लांबून फिरून यायला लागली. वस्तीवरची माणसं दादाकडे येऊन गेली, तो म्हणाला, इथं कधी रस्ताच नव्हता. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, याच्या बहिणीचा नवरा परभणीला हाय, त्याच्यापाशी जुने नकाशे हायेत.

दाजींनी आधी काय केलं हे नीट सांगायला हवं, कारण पुढे कुणी ते सांगत नाही. ते एकटे गावी गेले. दादाला मोसंबीच्या सावलीत बसवलं आणि म्हणाले, "किसनराव, उद्या मला कुणी इचारलं तर मी हाय तेच सांगणार. तवा तुमीच आधी वाट मोकळी करा. एक ओळ जाईल, बाकी बाग ऱ्हाईल. तुमचं नाव ऱ्हाईल." दादाला ती धमकी वाटली. आपल्या रानात बसून, आपलं पाणी पिऊन, आपलाच पाहुणा असं बोलतो हे त्याला झोंबलं. तो उठून गेला.

पुढे वस्तीने तहसिलात अर्ज केला, चौकशीला तिथले साहेब आले, गाव जमलं, मीही गेले होते. गावाचा सरकारी नकाशा फाटका निघाला, नेमकी तीच घडी विरलेली. साहेबांनी दाजींना विचारलं. दाजींनी जीपच्या बॉनेटवर आपला कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली आणि बोट धरून वाट दाखवली. दादा म्हणाला, "तो निजामाच्या वेळचा कागद हाय साहेब. मधे कालवा खणला तवाच ती वाट मोडली." आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, दाजींनी आता गप्प राहावं. गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच संपलं असतं. दाजी म्हणाले, "मोडली असती तर पूल कशाला बांधला असता? त्या वाटेसाठीच पूल हाय. त्याची रेघ मी मारलीय." दादाने त्यांच्याकडे बघितलं. "दाजी, तुमी आमचे का त्यांचे?" असं अगदी हळू विचारलं. दाजी कागदाची घडी घालायला लागले.

पंधरा दिवसांत वाट मोकळी झाली. मोसंबीच्या दोन ओळी गेल्या. आणि दादाने अक्काच्या घरचा उंबरा चढणं सोडलं.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीला माहेरचा माणूस न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. अक्काचं लग्न झाल्यापासून दादा एक साल चुकला नव्हता. चौदा वर्षांचा होता तेव्हापासून यायचा. पिकं बुडाली तरी आला, बायको बाळंत झाली तरी आला. त्या वर्षी आला नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी मी सहज अक्काकडे गेले तर ती नवं लुगडं नेसून व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती आणि रिक्षाचा आवाज आला की मान वर करत होती. दिवाळीला तेच झालं. मला राहवलं नाही. मी दाजींना नको ते बोलले. "तुमच्या एका रेघेपायी माझ्या बहिणीचं माहेर तुटलं," असं म्हणाले. अक्का आतून ऐकत होती. दाजी म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी पोरींना नकाशा शिकवता. रान आपलं असलं म्हणून वाट खोडायची, असं शिकवता का?" त्या प्रश्नाचा मला आणखीच राग आला. सहा महिने मी त्या घरी गेले नाही. दोन गल्ल्यांपलीकडे राहून गेले नाही. त्या सहा महिन्यांचं मला आता फार वाईट वाटतं.

परत गेले ते श्रीकांतने डोळ्यांचं सांगितल्यावर. दाजींना काचबिंदू झाला होता, उरलेली नजर टिकवायची एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. जन्मभर केसासारख्या रेघा ओढणाऱ्या माणसाला ताटातली चटणी कुठे आहे ते सांगावं लागत होतं. मी गेले, समोर बसले. तेच म्हणाले, "आलात का? बरं झालं. तो पूर्ण्याचा कागद काढा." मी पलंगाखालून कागद काढला, जमिनीवर पसरला आणि ते म्हणाले, "वाचा." म्हणजे काय, मला कळेना. मग कळलं. मी बोट चालवायचं, काय लागलं ते सांगायचं आणि ते डोळे मिटून चालणार. त्यानंतर सात वर्षं जवळजवळ दर रविवारी आम्ही असे चाललो. "आता डावीकडं नाला लागला, दाजी." "त्याला पावसाळ्यात पाणी लय येतं. पुढं विहीर आली का?" "आली. टिक हाय." "तिथं एक म्हातारी होती. गुळाचा खडा दिल्याबिगर पाणी द्यायची न्हाई." पंचेचाळीस मिनिटांत आम्ही कधी गंगाखेडला पोचायचो, कधी पूर्ण्याच्या यार्डात. अक्का मधेच विचारायची, कुठपर्यंत आलात, चहा टाकू का. राग कधी गेला ते मला कळलं नाही. जमिनीवर गुडघे टेकून बसल्यावर माणूस फार वेळ रागावून राहू शकत नाही, निदान माझ्या वयाचं तरी.

पाथरीकडचा कागद मात्र त्यांनी कधी काढायला सांगितला नाही आणि मीही काढला नाही. यंदाच्या आषाढात, ते गेले त्याच्या आधीच्या रविवारी, त्यांनी तो मागितला. मी मानवत रोड स्टेशनपासून निघाले. गाव, ओढा, टेकाड सांगत गेले. कालव्याची रेघ आली, त्यांची स्वतःची, पुलाच्या दोन रेघा आल्या. मी "पूल आला" म्हटलं. ते म्हणाले, "बास. आता थांबा." मी म्हटलं, अजून गाव यायचंय. "पुढं किसनरावाचं रान हाय," म्हणाले, "त्यांनी या म्हटल्याबिगर कसं जावं..." मी सांगावं का दादाला, असं विचारलं. मान हलवून नको म्हणाले. मी कागद गुंडाळला. ती आमची शेवटची भेट. मला तेव्हाच गावी फोन करायला हवा होता. केला नाही, दादा काय म्हणेल या भीतीने, आणि आपल्याला कुठे घाई आहे या समजुतीने.

दादा अंत्यविधीला आला नाही. तिसऱ्याला आला नाही, दहाव्याला आला नाही. अक्का भेटायला येणाऱ्या प्रत्येकाशी नीट बोलत होती, चहापाण्याचं बघत होती, पण दारात कुणाची चप्पल वाजली की मधेच थांबायची. तेराव्याला माहेरच्यांनी दुखवट्याचं लुगडं आणायचं आणि एका रातीसाठी का होईना तिला माहेरी न्यायचं, ही रीत. ते भावाचंच काम. मी आदल्या दिवशी गुपचूप एक लुगडं आणून कपाटात ठेवलं होतं. कुणीच आलं नाही तर मी देणार होते. भावाच्या हातचं लुगडं तिच्या वाट्याला येणार नाही, असं मला नक्की वाटत होतं.

तेराव्याची पंगत उठली आणि दुपारी तो आला. उन्हातून आलेला, पासष्टीला टेकलेला, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. कुणाकडे न बघता आत गेला, अक्कासमोर मांडी घालून बसला, पिशवीतून लुगडं काढून तिच्या ओटीत ठेवलं. हात काढून घ्यायचा विसरला. "अक्का," म्हणाला, "मला आधी यायचं होतं. दर पंचमीला घरून निघून एसटीपर्यंत यायचो... मग वाटायचं दाजीला तोंड काय दाखवू. ते खरं बोलले होते, हे मला त्याच दिशी कळलं होतं." अक्काने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो मुराळी म्हणून पहिल्यांदा आला असेल तेव्हा फिरवला असेल तसा. मी भिंतीला टेकून उभी होते, मला रडू आवरलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुला न्यायला आलोय. गाडी बाहेर हाय."

अक्का उठली. आतल्या खोलीत गेली, वाकून पलंगाखालचे नकाशे बाजूला सारले आणि त्यांच्या मागून एक भरलेली कापडी बॅग ओढून बाहेर आणली. मी चकित झाले. "कधी भरलीस ग?"

"मी न्हाई भरली. यांनी भरली." ती बॅगेवरची धूळ पदराने पुसत होती. "पंचमी जवळ आली की दरसाल भरून ठेवायचे. म्हणायचे, किसनराव दारात आले की तुझी धांदल उडते, काहीतरी ऱ्हातं. पंचमी झाली की मी रिकामी करायची, दुसऱ्या साली परत भरायचे. औंदा लवकर भरली."

सात वर्षं मी त्या पलंगाखालून कागद काढत होते आणि मला पत्ता नव्हता. दादाने बॅग जवळ घेऊन उघडली. वर दोन लुगडी होती, घडीवर घडी, कडा जुळवलेल्या. त्याखाली कंगवा, चष्म्याचं घर, आणि अक्काच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या कागदी पुड्या, आठ दिवसांच्या, सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी. प्रत्येक पुडीवर जाड मार्करने लिहिलेलं होतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं मोत्यासारखी अक्षरं काढली त्याची ती अक्षरं होती... एक मोठं, एक बारीक, ओळ उताराला लागलेली, 'सकाळ'मधला काना पुडीच्या बाहेर गेलेला. न दिसणाऱ्या कागदावर, आठ दिवसांच्या सोळा पुड्यांवर, त्यांनी ते लिहिलं होतं. म्हणजे एका रातीसाठी नव्हे, चांगलं आठ दिवस माहेरपण होईल इतकी तयारी त्यांनी करून ठेवली होती.

दादाने एकेक पुडी हातात घेतली आणि होती तशी परत ठेवली. मग बॅग बंद करून उचलली. "जड हाय की ग, अक्का," म्हणाला.

"आठ सालांची हाय," अक्का म्हणाली, आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली.